शोक आणि सण एकाच दिवशीं

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मे महिन्याच्या शेवटल्या सोमवारीं सरकारी इमारतींवर निशाण चढविण्याचा एक विशेष नियम आहे. सकाळीं प्रथम निशाण झपाट्यानें काठीच्या टोंकापर्यंत नेतात आणि मग गंभीरपणें, हळूहळू, अर्ध्यावर उतरवितात. दुपारचे बारा वाजेपर्यंत तें तसेंच अर्ध्यावर राहतें. बारा वाजतांच तें पुन्हा टोंकास चढवितात व सूर्यास्तापर्यंत तेथेंच फडकूं देतात. त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष मरण पावला असतां तीस दिवस निशाण अर्ध्यावर असतें, आणि त्या तीस दिवसांत दुपार झाली म्हणून तें कोणी वर नेत नाहीं. उलटपक्षीं ४ जुलै रोजीं, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याच्या दिवशीं, तें सकाळपासून टोंकासच असतें. अर्धा दिवस शोकास आणि अर्धा दिवस उत्साहास अशी वांटणी ह्या एका सोमवारच्याच वांट्यास आली आहे. तेथील लोक ह्या दिवसास ‘मेमोरियल डे’ म्हणतात. आपण त्यास स्मरणदिन म्हणूं.

लढाईंत पडलेल्या शिपायांचा हा दिवस. त्या दिवशीं सुटी असते, मिरवणुकी निघतात, घरोघर जेवणावळी होतात, मुलें खेळतात. आणि त्याच दिवशीं कित्येक आया आपल्या मुलाच्या थडग्यापाशीं बसून रडतात. ह्या दोन गोष्टी एका दिवसांत कशा बसवाव्या, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे. ज्याच्या घरीं मयत झालें आणि त्याच आठवड्यांत शेजारच्या घरीं लग्नाचा मांडव पडला, त्यास हा प्रश्न केवळ पुस्तकांतला वाटणार नाहीं.

प्रथम एक गल्लत दूर करूं. ११ नोव्हेंबर रोजीं तेथें आणखी एक दिवस पाळतात. तो सैन्यांत नोकरी केलेल्या सर्वांचा, आणि विशेषेंकरून जे जिवंत आहेत त्यांच्या सन्मानाचा आहे. मे महिन्यांतील दिवस केवळ मेलेल्यांचा आहे. जिवंत शिपायाचे आभार मानणें चांगलेंच. परंतु ह्या दिवशीं कोणी येऊन आपले आभार मानूं लागला म्हणजे पुष्कळ जुने शिपाई संकोचतात, कारण ज्यांचा हा दिवस ते सोबती त्यांच्याबरोबर घरीं आलेच नाहींत.

ह्या सणाचें मूळ १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धांत आहे. दक्षिणेकडील संस्थानें गुलामगिरी टिकविण्यासाठीं संघांतून फुटून निघालीं आणि देश आपसांत लढला. त्यांत किती मनुष्यें मेलीं ह्याचा आंकडा निरनिराळे अभ्यासक सहा लक्षांपासून साडेसात लक्षांपर्यंत धरतात. त्यापूर्वीं मनुष्य बहुधा आपल्या गांवीं, आपल्या माणसांत मरत असे, व घरचीं माणसेंच त्यास मूठमाती देत. ह्या लढाईंत मुलगा शेंकडों कोस दूर कोठल्याशा शेतांत पडला, आणि त्यास कोणी पुरलें, पुरलें कीं नाहीं, हेंहि घरीं कळेना. लढाई संपल्यावर सरकारनें अनेक वर्षें खपून सुमारें तीन लक्ष शिपायांचीं प्रेतें शोधून राष्ट्रीय कबरस्थानांत नेऊन पुरलीं. त्यांतील निम्म्याच्या जवळपास माणसांची ओळख पटलीच नाहीं. ज्या आईस कबरहि ठाऊक नाहीं तिनें फूल कोठें ठेवावें? कोणाच्याहि कबरेवर ठेवावें, आणि आपल्या मुलाच्या कबरेवर दुसरी कोणी आई तसेंच ठेवीत असेल असें मानावें. सर्वांच्या कबरा सर्वांनीं मिळून सजविण्याची चाल अशा दुःखांतून पडली. म्हणूनच आरंभीं ह्या दिवसाचें नांव ‘सजावटीचा दिवस’ असें होतें.

ही चाल प्रथम कोठें पडली ह्याविषयीं अनेक गांवांचा दावा आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील वॉटर्लू ह्या गांवास १९६६ सालीं सरकारनें जन्मस्थानाचा मानहि दिला. परंतु आपल्या पाठास अत्यंत उपयोगी गोष्ट दक्षिणेंतील चार्लस्टन शहरची आहे, आणि ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

चार्लस्टन हें गुलामांच्या व्यापाराचें मोठें ठाणें होतें. तेथें बड्या जमीनदारांचें घोड्यांच्या शर्यतीचें एक मैदान होतें. लढाईच्या अखेरच्या वर्षांत दक्षिणेच्या सैन्यानें त्या मैदानाचा तुरुंग केला आणि उत्तरेचे पकडलेले शिपाई तेथें उघड्यावर ठेविले. उपासमार, ऊन, थंडी आणि रोग ह्यांनीं निदान २५७ शिपाई मेले, व त्यांस प्रेक्षकांच्या चौथऱ्यामागें घाईघाईनें खड्ड्यांत पुरण्यांत आलें. १८६५ च्या फेब्रुवारींत दक्षिणेचें सैन्य शहर सोडून गेलें. गोरे रहिवासी बहुतेक पळाले. मागें राहिले ते मुख्यत्वें कालपर्यंत गुलाम असलेले कृष्णवर्णी लोक. त्यांच्यापैकीं अठ्ठावीस मजुरांनीं हें काम हातीं घेतलें. त्यांनीं तीं प्रेतें उकरून रांगेनें नीट पुरलीं, सभोंवार लांकडी कुंपण घातलें, त्यास पांढरा रंग दिला, आणि प्रवेशद्वारावर कमान उभारून ‘शर्यतीच्या मैदानावरील हुतात्मे’ अशा अर्थाचीं अक्षरें लिहिलीं. ह्या कामास त्यांस सुमारें दहा दिवस लागले.

मग १ मे १८६५ रोजीं सकाळीं सुमारें दहा हजार लोक त्या मैदानावर जमले. पुढें तीन हजार शाळकरी मुलें गुलाबाचीं फुलें घेऊन गात चाललीं होतीं. तीं मुलें नुकतीं शाळेंत जाऊं लागलीं होतीं, कारण त्यापूर्वीं त्यांस अक्षर शिकविणें हाच तेथें गुन्हा होता. त्यांच्यामागून स्त्रिया टोपल्यांतून फुलें, हार व क्रूस घेऊन आल्या, आणि त्यांच्यामागून पुरुष. कबरांवर इतकीं फुलें पडलीं कीं माती दिसेनाशी झाली असें त्या वेळच्या वर्तमानपत्रकारांनीं लिहून ठेविलें आहे. कृष्णवर्णी उपदेशकांनीं शास्त्र वाचलें, प्रार्थना झाल्या, गीतें झालीं.

आणि त्यानंतर काय झालें? लोक घरीं गेले नाहींत. त्याच मैदानावर ते पांगले, शिदोऱ्या सोडल्या, भाषणें ऐकलीं, शिपायांची कवाईत पाहिली. कवाईत करणाऱ्यांत कृष्णवर्णी शिपायांच्या पलटणीहि होत्या. ज्या मैदानावर धनी लोकांचे घोडे धावत त्या मैदानावर गुलामांचीं मुलें जेवूं लागलीं.

वाचकहो, ह्या दिवसाचा क्रम नीट पाहा. आधीं दहाएक दिवस हातांचे कष्ट; मग फुलें, शास्त्र आणि अश्रू; आणि सर्वांच्या शेवटीं शिदोरी. त्या लोकांस कोणी असें म्हणूं शकेल काय, कीं तुम्हीं कबरांजवळ जेवण केलें म्हणून मेलेल्यांचा अपमान झाला? मला तसें म्हणवत नाहीं. त्यांचा आनंद ज्या गोष्टीचा होता त्याच गोष्टीसाठीं ते २५७ शिपाई मेले होते. ते शिपाई लढले नसते तर हीं मुलें गात आलीं नसतीं. शोक आणि आनंद ह्या दोहोंचें मूळ तेथें एकच होतें, म्हणून ते एकमेकांस जड झाले नाहींत.

ही हकीकत पुढें जवळजवळ पुसली गेली. तीं प्रेतें कांहीं वर्षांनीं बोफर्ट येथील राष्ट्रीय कबरस्थानांत हलविलीं, कुंपण व कमान नाहींशीं झालीं, आणि त्या मैदानाच्या बागेस गुलामगिरीच्या बाजूनें लढलेल्या एका सेनापतीचें नांव दिलें गेलें. १९९० नंतरच्या दशकांत डेव्हिड ब्लाइट ह्या इतिहासकारास जुन्या कागदांत तिचा पत्ता लागला, तेव्हां ती पुन्हा लोकांपुढें आली.

दुसऱ्या वर्षीं, २५ एप्रिल १८६६ रोजीं, मिसिसिपी संस्थानांतील कोलंबस गांवच्या गोऱ्या स्त्रिया आपल्या पक्षाच्या शिपायांच्या कबरांवर फुलें वाहण्यास गेल्या. जवळच शत्रुपक्षाच्या शिपायांच्या कबरा ओसाड पडल्या होत्या. त्या स्त्रियांनीं त्यांवरहि फुलें ठेविलीं. ह्या बातमीनें उत्तरेकडील लोकांचीं मनें द्रवलीं, आणि तें योग्यच झालें. परंतु ह्या गोष्टीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पुढल्या पन्नास वर्षांत दोन्ही पक्षांच्या गोऱ्या भावांचा समेट जसजसा होत गेला, तसतसा ज्यांच्या गुलामगिरीवरून ती लढाई झाली ते लोक ह्या स्मरणाच्या पंगतीबाहेर राहूं लागले. १९३० पासून १९३३ पर्यंत सरकारनें पहिल्या महायुद्धांत मेलेल्या शिपायांच्या सहा हजारांहून अधिक आयांस व विधवांस युरोपांतील कबरा दाखविण्यास स्वखर्चानें नेलें. त्यांत कृष्णवर्णी आयांस निराळ्या व हलक्या प्रतीच्या जहाजांतून पाठविलें. मुलगा एकाच देशासाठीं मेला. आईस मात्र बोट निराळी. आपल्या देशांत ज्यांनीं पाणवठा आणि पंगत हीं निराळीं पाहिलीं आहेत त्यांस ह्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाहीं.

सबंध देशासाठीं दिवस नेमण्याचें काम जॉन लोगन ह्या सेनापतीनें केलें. तो उत्तरेच्या जुन्या शिपायांच्या मंडळाचा प्रमुख होता. त्यानें ५ मे १८६८ रोजीं हुकूम काढला कीं ३० मे रोजीं सर्वत्र सोबत्यांच्या कबरा फुलांनीं सजवाव्या. त्या वर्षीं राजधानीजवळ आर्लिंग्टन येथें सुमारें पांच हजार लोक जमले आणि वीस हजारांच्या आसपास कबरांवर फुलें वाहिलीं. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स गारफील्ड ह्यांनीं तेथें भाषण केलें, व मेलेल्या शिपायांच्या पोरक्या मुलांनीं कबरांमधून हिंडत फुलें पसरलीं. ३० मे ही कोणत्याहि प्रसिद्ध लढाईची तारीख नव्हती. त्या सुमारास देशभर फुलें उमललेलीं असतात म्हणून ती निवडली असें सांगतात. विजयाची तारीख निवडली असती तर हरलेल्यांच्या आयांस ती कधींच पाळतां आली नसती. तरीहि दक्षिणेकडील संस्थानांनीं बरींच वर्षें आपले दिवस निराळे ठेविले. पहिल्या महायुद्धानंतर हा दिवस सर्व लढायांत मेलेल्यांचा झाला, तेव्हां कोठें दोन्हीकडचे लोक हळूहळू एकत्र आले.

आतां सणाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळूं. सुटी मिळाली कीं मनुष्य विसांवा घेणार, हें उघड आहे. जो आठवडाभर गिरणींत राबतो त्यास वर्षांतून मोजक्याच सुट्या. त्यांतील एक तो कबरस्थानांत उभा राहून घालवील अशी अपेक्षा किती वर्षें चालणार? १९११ सालीं इंडियानापोलिस शहरीं मोटारींची पांचशें मैलांची मोठी शर्यत सुरू झाली, आणि तिच्यासाठीं दिवस निवडला तो ३० मे. (चार्लस्टन येथें शर्यतीच्या मैदानाचें कबरस्थान झालें होतें, येथें कबरांच्या दिवसाची शर्यत झाली!) जुन्या शिपायांस तें खुपलें. १९२३ सालीं इंडियाना संस्थानाच्या विधिमंडळानें त्या दिवशीं असल्या शर्यतींस मनाई करणारें बिल मंजूर केलें; परंतु गव्हर्नरानें तें नाकारलें, आणि शर्यत चालूच राहिली. मला वाटतें, गव्हर्नर अगदींच चुकला असें नाहीं. कायद्यानें मनुष्याचें तोंड कबरेकडे वळवितां येईल. मन वळवितां येणार नाहीं. पण जुन्या शिपायांचें दुःखहि खोटें नव्हतें. लोक हंसतात ह्याचें त्यांस वाईट वाटत नव्हतें. हंसण्यापूर्वीं कोणी थांबलें नाहीं, ह्याचें वाटत होतें.

१९६८ सालीं कायदा झाला आणि १९७१ पासून हा दिवस ३० मे सोडून मे महिन्याच्या शेवटल्या सोमवारीं आला. शनिवार, रविवार व सोमवार अशी तीन दिवसांची सलग सुटी लोकांस मिळावी हा त्यांतील एक हेतु होता. तेव्हांपासून हा दिवस उन्हाळ्याच्या आरंभाचा सण बनला. दुकानदार माल स्वस्त विकतात, पोहण्याचे तलाव उघडतात, लोक मोटारी भरभरून समुद्रकांठीं जातात, अंगणांत निखाऱ्यांवर मांस भाजून मेजवान्या करतात. डॅनियल इनोये नांवाचे हवाईचे सिनेटर होते. त्यांचे आईबाप जपानी वंशाचे. स्वतः ते दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बाजूनें लढले आणि १९४५ सालीं इटलींत त्यांचा उजवा हात गेला. हा दिवस पुन्हा ३० मे रोजींच पाळावा म्हणून त्यांनीं २०१२ सालीं मरण येईपर्यंत पंचवीसएक वर्षें पुन्हा पुन्हा बिल आणिलें. तें एकदांहि मंजूर झालें नाहीं.

इनोयेसाहेबांविषयीं पूर्ण आदर ठेवून येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. तारखेंत स्वतःचें असें पावित्र्य नव्हतें, हें वर सांगितलेंच आहे. तारीख बदलल्यानें जें गेलें तें निराळें आहे. ३० मे हा बुधवारीं किंवा गुरुवारीं आला म्हणजे चालतें काम मध्येंच थांबत असे. हातांतला हातोडा खालीं ठेवून मनुष्य विचारी, आज काय आहे? मग कोणी तरी त्यास सांगे. सोमवार हा रविवारास चिकटून आला, त्यामुळें कांहीं थांबत नाहीं. विसांव्यांत विसांवा मिळून जातो आणि विचारण्याचें कारण उरत नाहीं. १९९६ सालीं राजधानींत सहलीस आलेल्या मुलांस एका बाईनें विचारलें कीं, मेमोरियल डे म्हणजे काय? मुलांनीं उत्तर दिलें, ज्या दिवशीं पोहण्याचा तलाव उघडतो तो दिवस. त्या उत्तरावरून चळवळ सुरू झाली, आणि २००० सालीं कायदा होऊन असें ठरलें कीं त्या दिवशीं दुपारीं तीन वाजतां प्रत्येकानें जेथें असेल तेथें एक मिनिट स्तब्ध राहावें. रेल्वेचे चालक त्या वेळीं शिटी वाजवितात. हा उपाय चांगला आहे, पण तो सकाळ चुकलेल्यांसाठीं काढलेला आहे. सर्वांनीं एकच मिनिट पुरे असें मानलें तर सकाळची फुलें वाहण्यास कोण राहील?

दाविदाच्या चरित्रांतील एक प्रसंग ह्या ठिकाणीं आठवतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १८ व्या व १९ व्या अध्यायांत तो आहे. शिक्षकांनीं तो वर्गांत सबंध वाचावा. अबशालोमानें बापाविरुद्ध बंड केलें. दाविदाचें सैन्य लढलें, जिंकलें, आणि अबशालोम मारला गेला. राजा वेशीवरच्या कोठडींत जाऊन मुलाचें नांव घेऊन रडूं लागला. तें ऐकून जिंकून आलेलें सैन्य, जणूं पळून आलें असावें तसें, लाजेनें चोरून गांवांत शिरलें. तेव्हां यवाबानें आंत जाऊन राजास कडक शब्दांनीं सुनावलें कीं, ज्यांनीं आज तुमचा आणि तुमच्या सर्व मुलाबाळांचा जीव वांचविला त्यांचीं तोंडें तुम्हीं काळीं केलीं. उठा, बाहेर या आणि त्यांच्याशीं बोला. राजा उठला व वेशींत येऊन बसला.

ह्या प्रसंगीं कोण बरोबर होतें? यवाब कठोर होता. अबशालोमाच्या छातींत भाले खुपसणारा तोच होता, आणि त्याच्या तोंडून हा उपदेश ऐकणें राजास किती कठीण गेलें असेल! तरी त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. बापाचें रडणेंहि खोटें नव्हतें. राजा वेशींत येऊन बसला म्हणून त्याचें दुःख संपलें असें तेथें कोठें लिहिलेलें नाहीं. तो लोकांसाठीं बाहेर आला, एवढेंच. निशाण बारा वाजतां वर चढतें तें ह्याच अर्थानें. शोक संपला असें तें सांगत नाहीं. जे जिवंत आहेत त्यांच्यासाठीं आतां बाहेर या, असें सांगतें.

मात्र यवाबाचें काम प्रत्येकानें अंगावर घेऊं नये. अमेरिकेंत पहिल्या महायुद्धापासून अशी चाल आहे कीं ज्या घरचा मनुष्य लढाईवर गेला असेल त्या घराच्या खिडकींत निळ्या ताऱ्याचें लहानसें निशाण लावतात. तो मेला असें कळलें म्हणजे निळ्या ताऱ्यावर सोनेरी तारा शिवतात. अशा घरांस सोनेरी ताऱ्याचीं कुटुंबें म्हणतात. त्या सोमवारीं रस्त्यांत कोणी हंसतमुखानें अशा घरच्या आईस सणाच्या शुभेच्छा देतो, जशा नाताळांत द्याव्या तशा. त्याच्या मनांत वाईट कांहीं नसतें. तरी अशा कित्येक कुटुंबांनीं सांगितलें आहे कीं तो शब्द कानीं पडला म्हणजे काळजांत कांटा मोडतो. मग काय बोलावें? कांहीं न बोलतां शेजारीं उभें राहणें हें पुष्कळदां पुरें होतें. आणि बोलणेंच झालें तर मेलेल्याचें नांव घेऊन बोलावें. त्याचें नांव काढल्यास आईस रडूं येईल म्हणून लोक तें टाळतात. पण नांव कोणीच काढीत नाहीं ह्याचेंच रडूं तिला अधिक येत असतें.

आपल्याकडे मातीहून परतल्यावर मयताच्या घरीं चूल पेटत नाहीं. भाऊबंद आणि शेजारी आपल्या घरून भाकरी आणून त्या माणसांस जेवूं घालतात. त्यास कडू घास म्हणतात. घास कडूच असतो, पण तो घशाखालीं उतरविल्यावांचून कोणी उठूं देत नाहीं. शोकाच्या घरीं जेवण हें पाप आहे असें आपल्या वडिलांनीं मानलें नाहीं. तें जेवण कोणी आणलें, कोणाबरोबर बसून खाल्लें, ह्याकडे त्यांचें लक्ष होतें. अमेरिकेंतील त्या सोमवारच्या मेजवानीलाहि हीच कसोटी लावावी. सकाळीं कबरस्थानांत जाऊन येऊन मग शेजारच्या सोनेरी ताऱ्याच्या घरीं ताट पाठविणारा मनुष्य, आणि तीन दिवस कोणाचेंहि नांव न आठवतां समुद्रकांठीं लोळणारा मनुष्य, हे दोघेहि निखाऱ्यांवर मांसच भाजतात. बाहेरून पाहणाऱ्यास भेद दिसत नाहीं.

मेलेल्यांसाठीं हातांनीं कांहीं करण्याची चाल तेथें अजून आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. स्मरणदिनापूर्वींच्या गुरुवारीं आर्लिंग्टनच्या कबरस्थानांत एक हजारांहून अधिक शिपाई जातात आणि अडीच लक्षांहून अधिक कबरांपुढें प्रत्येकीं एक लहान निशाण रोवतात. शिपाई आपल्या बुटाचें टोंक थडग्याच्या दगडास लावतो आणि एक पाऊल अंतरावर, बरोबर मध्यभागीं, निशाण खुपसतो; मग पुढल्या कबरेपाशीं जातो. हें काम सुमारें चार तास चालतें. १९४८ पासून ही रीत चालू आहे. एकेका कबरेपुढें एकेकदां थांबावें लागतें, ही ह्या रीतींतील मोलाची गोष्ट आहे. अडीच लक्ष हा आंकडा मनांत मावत नाहीं. एक कबर मावते.

आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें, भाचे, पुतणे आज अमेरिकेंत नोकरीस आहेत व कांहीं तेथील नागरिकहि झाले आहेत. तेथील कबरांत आपलें कोणी नाहीं असें म्हणून त्यांनीं तो दिवस केवळ सहलीचा मानूं नये. बहुतेक लहान गांवांत सकाळीं मिरवणूक निघते आणि कबरस्थानांत संपते. मुलांस घेऊन तिच्यामागें चालण्यास कोणाचें आमंत्रण लागत नाहीं. शिवाय त्यांचीं मुलें तेथें वाढत आहेत. त्यांतील कोणी उद्यां सैन्यांत जाणारच नाहीं असें आज कोण सांगेल?

आणि शिपायांचें स्मरण ही परदेशचीच गोष्ट आहे असेंहि कोणी समजूं नये. पुण्याजवळ खडकी येथें दुसऱ्या महायुद्धांतील शिपायांचें मोठें कबरस्थान आहे. सातारा जिल्ह्यांत अपशिंगे म्हणून गांव आहे. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ जवान मेले, आणि त्यांचें स्मारक तेथें आहे. महाराष्ट्रांतील आणखी कित्येक गांवांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत संगमरवरी पाटी बसविलेली आढळते. ह्या गांवांतून इतके लोक १९१४ च्या महायुद्धावर गेले व त्यांतील इतके मेले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. संख्या आहे; नांवें नाहींत. फ्रान्समध्यें नव शापेल येथील स्मारकावर चार हजार सातशेंहून अधिक हिंदी शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. गांवच्या पाटीवर तीं नाहींत.

हा पाठ शिकविणाऱ्या शिक्षकांस व उपदेशकांस एक सूचना करावीशी वाटते. जेथें अशी पाटी असेल तेथें मुलांस एकदां तिच्यापाशीं न्यावें. म्हाताऱ्या माणसांस विचारून तीं नांवें मिळतात काय हें मुलांसच शोधूं द्यावें. कोणाच्या घरीं जुना बिल्ला असतो, कोणाच्या पेटींत पेन्शनीचा कागद असतो. अलीकडल्या लढायांत गांवचा कोणी पडला असेल तर त्याचेंहि नांव घ्यावें. मात्र त्याच्या घरच्या माणसांस आधीं भेटून, त्यांची मर्जी विचारून मगच हें करावें, कारण दुःख जितकें जवळचें तितकी त्याची परवानगी अधिक लागते. मग एके दिवशीं सकाळीं सर्वांनीं उभें राहून तीं नांवें एकेक करून, घाई न करितां, मोठ्यानें वाचावीं. ज्यांचीं नांवें मिळालीं नाहींत त्यांच्यासाठीं तितक्याच वेळां थांबावें. वाचन संपल्यावर मुलांस खेळूं द्यावें, धावूं द्यावें, त्यांस गूळ-शेंगदाणे वांटावे; आणि वांटण्याचें काम, तिची इच्छा असेल तर, ज्या घरचा मनुष्य गेला त्या घरच्या आजीकडे द्यावें.